फीत घेऊन हद्द ठरवणाऱ्यांनो, थांबा

खुंटी: काल फीतवाले भाऊंनी सल्ला दिला: "शेजाऱ्याचं वॉलकंपाउंड सहा इंच आत आलं? रजिस्ट्रीतले 30 बाय 50 फितीने मोजा अन् जास्तीचं पाडा." धन्य! फीत धरणार कुठून, त्याच भिंतीपासून ना? ओळीतला पहिला प्लॉट सरकला की सगळे सरकतात, कमी भरतो तो शेवटचा. पक्क्या खुणेपासून मोजावं लागतं. भूमी अभिलेख खात्याच्या ई-मोजणी पोर्टलवर 'हद्द कायम'चा (हद्द मोजून खुणा ठरवून देण्याचा) अर्ज टाका, आखीव पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड जोडा, लगतच्या धारकांची नावं-पत्ते नीट द्या. एकाला नोटीस पोचली नाही की तो तिथेच हरकत घेतो. मोजणीवाल्यांनी खुणा दाखवल्या की लगेच सिमेंटात पक्क्या करा. 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, नंतर मिळते.

फीतवाले: आखीव पत्रिका! गुंठेवारीत (शेतजमिनीचे परवानगीविना पाडलेले तुकडे) प्लॉट अजून खसऱ्यातच, म्हणजे शेताच्या जुन्या नंबरातच, पडून आहेत, ते काय जोडतील? ऑफिसात बसून ग्यान देऊन राहिले.

खुंटी: हे खरं आहे. तिथे आधी नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, अन् मंजूर लेआउटचा नकाशा लागतो. पण म्हणून फीत पुरावा होत नाही.

काळीमाती: दोघंही वरून मोजता. भिंत आत आली की कलली? आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; उथळ पायाची भिंत कलणारच. ओळंबा सोडा अन् बुडाशी मोजा. दुसरं, नऊ इंची भिंतीखाली दोन फुटी पाया असला तर दोन्हीकडे साडेसात इंच बाहेर निघतो. भिंत रेषेला चिकटून बांधली तर पाया शेजाऱ्याच्या जमिनीत! एकतर लेखी संमतीने भिंत रेषेवर मधोमध घ्या, नाहीतर पायासकट आत सरका. पाया नुसता आपल्याच बाजूला एकतर्फी ओढू नका, त्याला कॉलम-बीम लागतात.

फीतवाले: विषय हद्दीचा, हे पाया खोदून राहिले!

काळीमाती: पायाच हद्द ओलांडतो, भाऊ.

बारसाल: बारा वर्षं झाली असतील तर विसरा, जागा त्याची.

खुंटी: नुसती वर्षं मोजून नाही. ताबा उघड, सलग अन् मालकाचा हक्क नाकारणारा लागतो. मोजणीवाले भिंत पाडत नाहीत. शेजारी हटला नाही तर दिवाणी न्यायालय. सहा इंच गुणिले 50 फूट म्हणजे 25 चौरस फूट, तेवढ्यासाठी वकील परवडतो का ते बघा.

फीतवाले: बरं बापा, फीत खिशात. मोजणीची अर्धी फी शेजारी देते का?

खुंटी: अर्ज ज्याचा, फी त्याची. मोजणी पटली नाही म्हणून त्याने निमताना, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागितला तर त्याची फी त्याने भरायची.