क्रॅप्स शिकायचंय, पण टेबलापाशी उभं राहायचीच भीती वाटते

सॅनहोजेचा_सातारकर
लोकहो, पुढच्या महिन्यात ऑफिसच्या चौघांबरोबर वेगासला चाललोय. गोव्यात मांडवीतल्या बोटीवर रुलेट, ब्लॅकजॅक खेळून झालंय, ते जमतं. पण क्रॅप्स, म्हणजे कॅसिनोतला तो दोन फाशांचा खेळ, पार डोक्यावरून जातं. मागच्या ट्रिपला वीस मिनिटं टेबलाशेजारी उभा होतो, लोक ओरडतायत, चिप्स फेकतायत, एकजण काठीने फासे ओढतोय आणि मला एवढंही कळेना की आत्ता नक्की जिंकलं कोण. सात पडला तर टाळ्या, आणि थोड्या वेळाने परत सातच पडला तर सगळ्या टेबलावर सुतक! हे काय गौडबंगाल आहे? व्हिडिओ बघितले तर वीस प्रकारचे बेट एकदम सांगतात. दोनशे डॉलर गेले तरी चालतील, फजिती नको.

जुना_फासेवाला
अरे सगळी गोम त्या सातातच आहे, ती कळली की खेळ कळला. प्रत्येक शूटरचा, म्हणजे फासे टाकणाऱ्याचा, डाव दोन टप्प्यांत असतो. पहिलं दान म्हणजे कम आऊट, त्यात 7 किंवा 11 पडले की पास लाइनवाले, म्हणजे टेबलाच्या कडेच्या 'पास लाइन' पट्टीवर चिप ठेवलेले, लगेच जिंकले, 2, 3 किंवा 12 पडले की गेले. उरले 4, 5, 6, 8, 9, 10, यातला जो पडेल तो पॉइंट. मग डीलर त्या आकड्यावर पांढरी बाजू वर करून 'ऑन' लिहिलेली चकती ठेवतो, आणि तिथून पुढे सात शत्रू! पॉइंट आधी आला तर पैसे, सात आधी आला तर पास लाइनचे पैसे साफ आणि फासे पुढच्या माणसाकडे. म्हणून टेबलापाशी गेलास की आधी चकती बघ, काळी बाजू वर म्हणजे 'ऑफ', तेव्हा पास लाइनवर चिप ठेवायची आणि गप्प उभं राहायचं. पहिला तासभर एवढंच कर.

गणितात_काठावर_पास
वरच्यांशी सहमत, फक्त एक भर घालतो कारण फायद्याची जागा टेबलावर छापलेलीच नसते. पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या चिपमागे अजून चिप्स ठेवता येतात, त्याला ऑड्स म्हणतात. त्यात कॅसिनोचा कट शून्य. दोन फाशांची 36 दानं, त्यात 7 सहा प्रकारे पडतो, 4 मात्र तीनच प्रकारे, म्हणून 4 आणि 10 वर दुप्पट मिळतात, 5 आणि 9 वर दोनाला तीन, 6 आणि 8 वर पाचाला सहा. पास लाइनवर कॅसिनोचा हिस्सा 1.41 टक्के आहे, 15 डॉलरच्या बेटमागे साधारण 21 सेंट. आणि काठीवाला ज्या बेटांसाठी सारखा ओरडत असतो ना, मधल्या रंगीत चौकोनातले, तिथे 'एनी सेव्हन'वर हाच हिस्सा 16.67 टक्के आहे!! तिकडे बघू पण नका. ऑड्सने सरासरी नुकसान वाढत नाही, पण चढउतार जबरदस्त वाढतात, दोनशेच असतील तर बेताने लावा.

नाशिकची_मिरची
गणित नंतर हो, फजिती कुठे होते ते सांगते, माझी झालीये. मी नोट डीलरच्या हातात द्यायला गेले, तो घेईचना. पैसे टेबलावर ठेवायचे, तो उचलून चिप्स देतो, आणि ते सुद्धा दोन दानांच्या मधे, फासे हवेत असताना नाही. फासे टाकताना एकच हात वापरायचा, समोरच्या भिंतीला लागले पाहिजेत, आणि बाकीच्यांचे हात टेबलाच्या आत लोंबकळत असतील तर लोक खाऊ की गिळू बघतात. टाकायचं टेन्शन येत असेल तर सरळ नाही म्हणा, फासे पुढे जातात, कुणाला काही वाटत नाही. आणि 'सात' हा शब्द तोंडातून काढायचा नाही हां 😄 सगळे अंधश्रद्धाळू.

सॅनहोजेचा_सातारकर
भारीच, दोन महिन्यांत जे कळलं नाही ते इथे कळलं. दोन शंका, डोन्ट पास म्हणजे उलटं का? आणि फासे ठरावीक पद्धतीने धरून सात टाळता येतो म्हणतात, त्याचे कोर्स पण आहेत.

गणितात_काठावर_पास
डोन्ट पास जवळजवळ उलटंच, फक्त कम आऊटला 12 पडले तर बरोबरी. हिस्सा 1.36 टक्के, म्हणजे केसभर बरा, पण सगळं टेबल हळहळत असताना एकट्याने चिप्स गोळा करायचा जिगर हवा. कोर्सचे पैसे वाचवा. भिंतीवर जे रबरी टोकदार उंचवटे असतात ते फासे कसेही उडावेत म्हणूनच लावलेत. 2009 मध्ये अटलांटिक सिटीत एका बाईने पॉइंटनंतर सात पडून बाद न होता चार तासांहून जास्त वेळ 154 दानं टाकली होती, आणि ती काही मुरलेली खेळाडू नव्हती.

जुना_फासेवाला
शनिवारी रात्री स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, जाऊ नकोस, तेव्हा कमीत कमी बेटची रक्कम चढवून ठेवतात, 25 ची पाटी दिसली की तुझे दोनशे आठ बेट. आठवड्यात मधल्या वारी सकाळी जा, किंवा डाउनटाऊनला फ्रीमॉन्ट स्ट्रीटकडे. आणि आधी ते काचेच्या घुमटात फासे उडवणारं मशीन शोध, बबल क्रॅप्स म्हणतात, नियम तेच, बेट छोटे, ओरडणारं कुणी नाही.

सॅनहोजेचा_सातारकर
मशीनच आधी. चौघांना सांगितलंच नाही मला येत नाही म्हणून, त्यांच्या आधी उठून जातो गुपचूप.