हिरवा म्हणजे आशा? मग गुलाबी सूटचं काय करायचं?

टीपकागद:
परवा इथे फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी' या कादंबरीतल्या रंगांवर एक तक्ता आला होता. हिरवा = आशा, पांढरा = पावित्र्य, पिवळा = पैसा, राखाडी = गरिबी. खाली 'सुंदर विवेचन'चा पाऊस. माझं उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, पावित्र्य कुठलं? गॅट्सबीची जुनी प्रेयसी डेझी माहेरी लुईव्हिलात होती तेव्हापासून पांढऱ्यात, गाडीसुद्धा पांढरी. या बाईला जन्मात धुळीत उतरावं लागलेलं नाही, एवढाच त्या पांढऱ्याचा अर्थ. तिकडे राखेच्या पट्ट्यातल्या गॅरेजवाल्या विल्सनच्या गडद सुटावरही पांढरट थर आहेच की, फुकट बसलेला! आणि गॅट्सबी ऑक्सफर्डचा नाही याला डेझीच्या नवऱ्याकडे, टॉमकडे पुरावा काय, तर तो गुलाबी सूट घालतो. पैसा पाच वर्षांत करता येतो हो, काय घालायचं नाही ते कळायला घरात आजोबा लागतात.

तक्तेवाला:
तक्ता माझाच. टी.वाय.च्या पोरांसाठी केला होता. एका बैठकीत ऐंशी पेपर तपासून बघा, मग बोला. गॅट्सबी रात्री एकटा डेझीच्या धक्क्यावरच्या हिरव्या दिव्याकडे हात पसरतो. ही आशा नाही तर काय, सिग्नल सुटायची वाट बघतोय?

आळशी_वाचक:
सर, विल्सनच्या बायकोला, मर्टलला उडवणारी गाडी शेजारचा मायकेलिस पहिल्या पोलिसाला फिकट हिरवी सांगतो. तीच गाडी कथा सांगणाऱ्या निकला सायीच्या रंगाची दिसते आणि दुसरा साक्षीदार पिवळी म्हणतो. आता ती आशा, साय की पैसा? लेखकानं मुद्दाम घोळ घातलाय आणि आपण त्याचे रकाने पाडतोय.

नीळवाली:
टीपकागद, तुमचं 'धुळीत उतरावं लागलेलं नाही' वाचून डोकं फिरलं. माझी आई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. रोज पांढरं. रात्रपाळी करून आली की बादलीत नीळ कालवायची, टोपीला खळ घालायची. उकळत्या पाण्यानं बोटांची सालं निघायची. तिला सांगा पांढरा श्रीमंतांचा म्हणून.

टीपकागद:
ताई, मी कादंबरीतल्या १९२२ च्या लाँग आयलंडबद्दल लिहिलंय, तुमच्या आईंबद्दल नाही.

नीळवाली:
लाँग आयलंडला कपडे आपोआप धुतले जायचे का? पार्टीनंतर गॅट्सबीकडे दर सोमवारी आठ नोकर राबतात, हे लेखक मोजून सांगतो. डेझीचा झगा कोण धुतं, ते मात्र तुम्हाला कधी सुचलं नाही. रंगावर पानं भरायची आणि धुणारीला एक ओळ नाही!

टीपकागद:
बरं बाई. *दुसऱ्यानं धुतलेला* पांढरा. झालं समाधान?

आळशी_वाचक:
आमच्याकडे धुणं वॉशिंग मशीन करतं, मग आमचा वर्ग कुठला म्हणायचा?

नीळवाली:
मशीनमधले कपडे वाळत कोण घालतं, ते सांगा आधी.

क्वीन्सकर:
धुण्याचं संपलं असेल तर बोलू का? तो राखेचा पट्टा खरा होता. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सच्या कोरोना भागातलं राखेचं डम्पिंग. ते बुजवून तिथे १९३९ चं जागतिक प्रदर्शन भरलं आणि आता टेनिस खेळतात. मी ७ नंबरच्या गाडीनं रोज तिथून जातो. पण तुम्ही सगळे एक रंग विसरलात. पहिल्याच जेवणात टॉम गोऱ्या वंशावर आलेल्या संकटाचं पुस्तक घेऊन बसतो. त्या छापाचं लॉथ्रॉप स्टॉडर्डचं पुस्तक १९२० मध्ये खरंच आलं होतं. 'व्हाइट' म्हटल्यावर तुम्हाला फक्त कापड दिसावं? इथे राहून कातडी आधी दिसते.

आळशी_वाचक:
आले, अमेरिकेतून ज्ञान आलं.

क्वीन्सकर:
कादंबरी तिथलीच आहे, राव. साताऱ्याहून कुठून येणार?

तक्तेवाला:
मान्य. पांढऱ्यासमोर 'पावित्र्य' खोडून 'कापड, कातडी, धुणावळ' लिहितो. पोरं नापास झाली की तुमच्याकडे पाठवीन. हिरवा मात्र हलवणार नाही.

नीळवाली:
काल आईला तो शर्टांचा प्रसंग सांगितला. गॅट्सबी कपाटातले पोवळी, सफरचंदी, फिकट जांभळे शर्ट उपसून टेबलावर फेकत सुटतो आणि डेझी त्यांत तोंड खुपसून रडते. आईनं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "आणि मग घड्या कोणी घातल्या?"