मदत हवी आहे: नर्मदेतले अकीक (अगेट, दागिन्यांत घालतात तो दगड) घरी भाजून लाल कसे करायचे? (एक ओटीजीत फुटला)

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. दगडांचा नाद दोनेक वर्षांपासून लागलाय, म्हणजे कुठेही फिरायला गेलो की बाकीचे देवळात आणि मी नदीत वाकलेला. गेल्या महिन्यात काकांच्या अस्थी घेऊन चांदोदला गेलो होतो, विधी आटोपल्यावर भटजी जेवेपर्यंत तासभर मोकळा होता म्हणून काठावरच्या गोट्यांत बसलो आणि चांगली पिशवीभर माल घेऊन आलो (घरचे काय म्हणाले ते विचारू नका).

त्यातले वीसेक मला अकीक वाटतायत. बाहेरून मळकट पिवळे-राखाडी, पण ओले केले की मेणासारखी चमक येते, मोबाइलचा टॉर्च मागून धरला की उजेड आरपार येतो आणि दोन-तीन गोट्यांत तर कांद्यासारखे पापुद्रे स्पष्ट दिसतात. जुन्या बाटलीवर ओढले, काचेवर ओरखडा उठला. लिंबू पिळून बघितलं, फेस नाही, म्हणजे कॅल्साइट (चुनखडीचं खनिज, आंबट लागलं की फेसाळतं) नाही एवढं कळलं.

आता खरी अडचण. खंभातचे लालबुंद अकीक मुळात पिवळट असतात आणि भाजून लाल करतात असं ऐकलं होतं, म्हणून मी अतिशहाणपणा करून एक पिवळा गोटा धुऊन पुसून सरळ ओटीजीत 230 वर ठेवला. पंधरा मिनिटांत आतून फटाका फुटल्यासारखा आवाज, गोट्याचे चार तुकडे. काच वाचली ही नशिबाची गोष्ट, पण ओटीजी बायकोचा आहे आणि सध्या आमच्याकडे नानकटाई बंद आहे.

तर विचारायचंय हे की फुटू न देता कसं भाजायचं, सगळेच लाल होतात का, आणि रतनपूरला (तिथे अकीकच्या खाणी आहेत) जाऊन असे दगड वेचले तर चालतं का? शिवाय आत्या म्हणते नर्मदेचा कंकर म्हणजे शंकर, त्याला विस्तवात घालायचं नाही, सगळे देव्हाऱ्यात ठेव. यावरही कुणाला काही सुचत असेल तर सांगा.

गारगोटी_वाला: अहो धुऊन लगेच ओव्हनमध्ये? अकीक दिसतो घट्ट, पण त्याच्यात बारीक छिद्रं असतात आणि त्यात पाणी असतं, एकदम तापवलं की वाफ होऊन तो फुटणारच. खंभातवाले आधी महिनोन्‌महिने उन्हात दगड वाळवत, अधूनमधून उलटेपालटे करत, मग मातीच्या मडक्यात घालून गोवऱ्यांच्या जाळात भाजत. ते वाळवणं म्हणजे निम्मं काम आहे. तुम्ही निदान दोन महिने गच्चीवर कडक उन्हात टाका, मग एका जुन्या पातेल्यात कोरड्या वाळूत पुरून अगदी हळूहळू तापवा आणि वाळूतच गार होऊ द्या, गरम दगडाला हात नाही आणि पाणी तर अजिबात नाही. आणि ओटीजी सोडा, बाहेर चूल मांडा, त्याला 250 च्या पुढे आच लागते.

सगळे लाल होणार नाहीत. पिवळा रंग म्हणजे आत पाणी धरून बसलेलं लोखंडाचं ऑक्साइड, ते तापून पाणी गेलं की हेमेटाइट (लोखंडाचं लाल ऑक्साइड) होतं आणि लाल दिसतं, वीट भाजल्यावर लाल होते ना, तसंच. पांढऱ्या-राखाडी दगडात लोखंडच नसेल तर कितीही जाळा, काही होणार नाही. बाजारात दिसतात ते भडक निळे-गुलाबी रंगवलेले असतात, आणि काळा ओनिक्स (अकीकचाच भाऊबंद) बहुतेक वेळा साखरेच्या पाण्यात मुरवून मग गंधकाच्या तेजाबात टाकलेला असतो. हा प्रकार घरी करू नका.

भरूचकरीण: रतनपूर आमच्या जिल्ह्यातच आहे, झगडिया तालुक्यात. टेकडीवर बावा गोरचा दर्गा आहे, सिद्दी लोकांचं मोठं ठिकाण, अकीकवाले त्याला फार मानतात. दर्शनाला खुशाल जा, पण खाणीच्या खड्ड्यांत उतरू नका, ते आत पोखरलेले असतात, आणि अकीक गौण खनिजात येतं, म्हणजे परवान्याशिवाय खणणं चालत नाही. कुणाच्या शेतात वरवर पडलेला दगड उचलतानासुद्धा आधी विचारा. त्यापेक्षा विकतचा कच्चा माल घ्या, स्वस्त पडतो.

आणि पॉलिश करणार असाल तर कोरडं घासू नका, सतत पाणी सोडून घासा आणि मास्क लावा. ती धूळ म्हणजे सिलिका. खंभातला किती कारागिरांची फुप्फुसं या कामाने गेली, त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही.

गारगोटी_वाला: हेच लिहायचं राहिलं. आणि बडोद्यात आहात तर कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये भूगर्भशास्त्राचं दालन आहे, गोटे खिशात घालून जा आणि तिथल्या नमुन्यांशी ताडून बघा.

(धागाकर्ता): दोघांचेही खूप आभार. रविवारी म्युझियमला जाऊन आलो, पापुद्र्यांचे ते अकीकच, पण पाच-सहा नुसते जास्पर (अकीकसारखाच, पण अपारदर्शक दगड) निघाले, त्यांतून उजेड येत नव्हता तेव्हाच कळायला हवं होतं. आत्याशी तह झाला, तिला जे गुळगुळीत लांबट वाटले ते तीन तिने ताम्हनात ठेवून घेतले, उरलेले माझे. त्यातले अकरा पिवळे निवडून गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत घातलेत. भरूचकरीण, रतनपूरला कच्चा माल किलोवर मिळतो की नगावर?