सल्ला हवा: तीन इस्पिकची उडी कधी मारायची? (भिडू: सासरे)

तिळकवाडीची_राणी
लग्न होऊन बेळगावात आल्यावर ब्रिज शिकले, तेही ऑनलाइन. उडी म्हणजे एक लांब रंग नि बाकी हलकी पानं असताना विरोधकांना अडवायला सुरुवातीलाच मारलेली तीनची बोली. भिडू आमचे मामंजी, वय 74. त्यांच्या लेखी 'दोन'ची बोली म्हणजे भारी पानं, मी शिकले ते एका रंगाच्या सहा पत्त्यांचे हलके दोन. परवा मला आलं: इस्पिक राजा, राणी, गुलाम, दश्शी, आठ, पाच, तीन. बाकी सगळा कचरा, किल्वर तर एकच. मी उघडलंच तीन इस्पिकनं. आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे हरलो तर दंड जास्त), विरोधक नव्हते. त्यांचं डबल पडलं (दंड वाढवणारी बोली), तीन हात कमी, 800 गेले. त्यांना चार बदाम करू दिले असते तर 420 वर भागलं असतं. मामंजी चहा न घेता उठले.

पुढच्या महिन्यात कॉलनीत चार टेबलांची डुप्लिकेट स्पर्धा आहे (तेच पत्ते सगळ्या टेबलांवर). मामंजींना पाठ होतील असे दोन-तीनच नियम सांगा. काही विकत घ्यायचं तर 300 रुपयांच्या आत.

निपाणीचा_भिडू
वहिनी, पॉइंट (भारी पानांचे गुण) मोजू नका, हात मोजा. इस्पिकचा एक्का त्यांना दिला तरी तुमचे सहा हात पक्के. व्हल्नरेबल असाल तर त्यावर दोन चढवायचे, नसाल तर तीन. सहा नि तीन नऊ, आणि तीनच्या बोलीला नऊच हात लागतात, म्हणजे तीन इस्पिक बरोबर, पण व्हल्नरेबल नसताना. तसं असतं नि ते व्हल्नरेबल असते, तर तीन कमीचे डबलात 500 गेले असते आणि त्यांचा 620चा गेम बुडाला असता. नफाच की ओ.

कॅम्पातले_काका
1981 पासून खेळतोय, असल्या उड्यांची गरज कधी पडली नाही. आधी बिडिंग बॉक्स (बोलीच्या कार्डांचे डबे) घ्या. आमचे चार टेबलांचे चांगले चार हजाराला पडले, पण टेबलाला ऐट येते. आमच्या काळी बोली तोंडी असायची, 'तीन' कुठल्या सुरात म्हटलं यावरून भिडूला सगळं कळायचं.

खानापूरचा_पाऊस
काका, त्याला चोरी म्हणतात.

ताई, माझं ऐका. तीन चौकट बोललो, त्यांनी तीन बदाम म्हटलं, मला राहवेना, मी चार चौकट. डबल, व्हल्नरेबल, चार कमी, 1100. एकदा उडी मारली की तोंड शिवून घ्यायचं. सांगायचं ते सांगून झालं, पुढचं भिडू बघेल.

चिकोडीचे_सर
एक वेगळा मुद्दा. आमच्या गटात निम्मे कन्नड बोलणारे. कन्नडमध्ये पत्त्यांच्या खेळालाच इस्पीट म्हणतात, त्यामुळे 'इस्पिक' म्हटलं की घोटाळा होतो. सरळ स्पेड म्हणा.

कॅम्पातले_काका
बेळगावात इस्पिकच म्हणणार!

धागापाल
सीमाप्रश्न या धाग्यावर नको.

शहापूरची_मावशी
माझा नियम लिहून घे बाळ. व्हल्नरेबल असशील तर दोन, नसशील तर तीन.

निपाणीचा_भिडू
मावशी, हेच वर लिहिलंय की.

शहापूरची_मावशी
चष्मा दुरुस्तीला दिलाय रे. बरं, हे तर कुणी लिहिलं नाही ना? दोघं पास होऊन बोली तुझ्यावर आली तर थोडी सैल सोड. भिडू पास झालेला, म्हणजे भारी पानं बहुतेक डावीकडच्याकडे, त्याला चारपासून बोलायला लाव. पण दुसऱ्या नंबरवर असशील तर जपून. एक विरोधक आधीच गप्प बसलाय, अडवलास तर भिडूलाच अडवशील. आणि बाजूला चार बदाम असतील तर तीन इस्पिक नकोच, तुमचा बदामाचा गेम हरवतो. सासऱ्यांनाही सांग, 12 पॉइंट दिसले म्हणून तीन नोट्रम्पवर (हुकूम नसलेल्या बोलीवर) जायचं नाही. त्यांच्या हातातली इस्पिक दोन-तीन फेऱ्यांत संपली की तुझ्या पानांपर्यंत पोचणार कसे?

संकेश्वरचा_गुलाम
खरा रोग ते जुने दोन. सगळी भारी पानं दोन किल्वरनं उघडा, बाकीचे तीन 'दोन' हलक्या सहा पत्त्यांना मोकळे होतात. परवाच्या पानांवरही दोन इस्पिक म्हटलं असतं तरी चाललं असतं.

खानापूरचा_पाऊस
+1

निपाणीचा_भिडू
+1. आजकाल बहुतेक सगळे असंच खेळतात.

तिळकवाडीची_राणी
सगळ्यांचे आभार, मावशींचे जास्त. घरी हलक्या दोनचा विषय काढून बघितला. दोन दिवस घरात अबोला होता, जेवणाच्या ताटावर सासूबाई मध्यस्थ. दोन मामंजींचेच राहणार. तीनची उडी आम्ही नाही व्हल्नरेबल नि ते आहेत, तेव्हाच मारायची. एरवी पास.

निपाणीचा_भिडू
अहो वहिनी, दोन्ही बाजू व्हल्नरेबल नसताना पण चालते की! किती डाव सोडणार?

तिळकवाडीची_राणी
सोडू दे. एवढंच त्यांना पाठ झालंय. आणि काका, बॉक्सचा खर्च वाचला. मामंजी जुन्या लग्नपत्रिका कापून बसलेत, एकेकाला 35 बोल्या, शिवाय पास, डबल, रीडबल. तीन इस्पिकच्या मागं 'चि. सौ. कां.' दिसतंय, ते दुसऱ्या पत्रिकेवर परत लिहायला सांगितलंय.