बेखमीर भाकर म्हणजे नेमकी कोणती भाकर?

क्वार्टरगेट:

झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) संडे स्कूलमध्ये चौथीतल्या एका मुलीने माझी विकेट काढली. धडा वल्हांडणाचा होता. इस्राएल लोक मिसर देशातून घाईघाईने निघाले, कणीक फुगायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बेखमीर भाकरी भाजल्या, आणि त्याची आठवण म्हणून दरवर्षी बेखमीर भाकरीचा सण. एवढं सांगून मी फळा पुसायला वळलो तर हात वर.

"सर, बेखमीर म्हणजे यीस्ट न घातलेली ना?"

"हो."

"मग आमच्याकडे रोजच बेखमीर भाकरी असते. त्याचा सण कशाला करायचा?"

वर्ग हसला. "छान प्रश्न आहे, पुढच्या वेळी बोलू" म्हणून मी वेळ मारून नेली. पण पोरीचं चुकलंय कुठे? भाकरीत खमीर कोणी घालतं का? 'बेखमीर भाकर' म्हणजे 'बिनपिसांचा मासा' म्हटल्यासारखं झालं. चाळीस वर्षं हे वाचतोय, आणि एकदाही डोक्यात आलं नाही.

तेव्हापासून आणखी एक गोष्ट खुपायला लागली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या वल्हांडणाच्या जेवणाची आठवण. पांढऱ्या कापडाखाली स्टीलचं ताट. पाळकसाहेब कापड उचलतात आणि वाचतात की येशूने भाकर घेतली आणि मोडली. ताटात असतो बेकरीतला स्लाइस ब्रेड, कडा काढून बोटाच्या पेराएवढे चौकोन केलेला. मनात भाकर, जिभेवर पाव. म्हणजे जे बेखमीर असायला हवं ते खमिराचं, आणि त्याला नाव मात्र कधीच खमीर न पाहिलेल्या पदार्थाचं!

तर जाणकारांनी सांगावं. भाषांतरकारांनी 'भाकर' का उचलला? पाव का नाही, पोळी का नाही? आणि 'खमीर' हा शब्द तुमच्या घरात कोणी बोलतं का?

सदाशिवपेठी:

पोळीचं मी सांगतो. तुमच्या प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' आहे ना, तिथे 'आमची रोजची पोळी आज आम्हांला दे' असं म्हणून बघा. आपली पोळी भाजून घेणाऱ्यांची प्रार्थना वाटेल ती. :)

गंमत सोडा. आमच्या आजोळी (शिरूरकडे) गव्हाची पोळी सणाला नाहीतर पाहुण्याला. रोजची म्हणजे भाकरीच. 'रोजची' आणि 'पोळी' हे दोन शब्द निम्म्या महाराष्ट्रात एका वाक्यात बसलेच नसते.

दुसरं, पुण्यात आम्ही भाकरी म्हणतो. 'भाकर' फक्त ठरलेल्या जागी येतो: चटणी-भाकर, मीठ-भाकर, भाकरतुकडा ओवाळून टाकणं. तुमच्या प्रार्थनेतली 'भाकर' माझ्या कानाला त्याच रांगेतली वाटते. ताटातली वस्तू म्हणून नाही, एकूण पोटाला लागणारं ते.

भट्टीवाला:

खमीर आम्ही बोलतो! पुण्याच्या लष्करात (कॅम्पात) आमची बेकरी आहे. भट्टीवरचे कारागीर उत्तरेकडचे, त्यांच्या तोंडी दिवसभर हाच शब्द. पूर्वी आदल्या रात्रीच्या पिठाचा एक गोळा राखून ठेवायचे, तो नव्या मैद्यात घातला की सगळं उठायचं. आता पाकिटातलं यीस्ट येतं, पण "खमीर चढलं का" हे विचारणं तसंच राहिलंय. एप्रिल-मेमध्ये बघता बघता चढतं, डिसेंबरात पोत्यांनी झाकून ठेवावं लागतं.

बायबलमध्ये आहे ना ते, थोडंसं खमीर सगळा गोळा फुगवतं? ज्याने लिहिलं त्याने भट्टी पाहिलेली आहे.

क्वार्टरगेट:

@भट्टीवाला, ते पौलाचं, गलतीकरांस पत्रात. तंबू शिवून पोट भरणारा माणूस, भट्टीही पाहिली असणार.

आमच्या घरी मात्र खमीर फक्त शास्त्रात. स्वयंपाकघरात 'पीठ आंबलं', 'पीठ फुगलं'. पण येशू परूशी या यहुदी पंथाबद्दल 'परूश्यांच्या खमिरापासून सांभाळा' म्हणतो, तिथे 'परूश्यांच्या आंबवणापासून सांभाळा' असं छापलं असतं तर इडलीचं भांडं डोळ्यांपुढे आलं असतं. खमीर परका आहे म्हणूनच गंभीर राहिला असं मला वाटतं.

अवांतरवाला:

पाव का नाही, याचं उत्तर विहिरीत आहे. पाव टाकला आणि गाव बाटलं, ही गोष्ट कोकणातल्या घरोघरी सांगितली जायची. पाव हा शब्दच मुळात पोर्तुगीजांकडून आलेला. नाताळ, पाद्री, क्रूस हेही तिकडचेच, पण ते निदान कोणाच्या पोटात जात नव्हते.

पोटात जाण्याचं मोल पुण्याने चांगलं मोजलंय. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंच हौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली, पुढे चहा-बिस्किटं आली, आणि त्यावरून केवढं ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) उठलं! टिळक आणि रानडे दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. नुसत्या चहाची ही गत, तिथे 'प्रभूने पाव घेतला आणि शिष्यांना दिला' हे वाक्य छापून गावोगाव वाटायचं म्हणजे लष्कराच्या भाकरी भाजण्यापैकीच.

क्वार्टरगेट:

तर्क झकास, पण मला अर्धाच पटतो. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या खेड्यातले. त्यांना पावाची भीती असण्याआधी पाव दिसायला तर हवा! त्यांच्यासाठी जे शिजत होतं तेच नाव आलं, एवढं साधं असेल.

ग्रीकप्रेमी:

सदाशिवपेठींचा 'पोटाला लागणारं ते' हा मुद्दा मूळ भाषांतही तसाच आहे. हिब्रूत 'लेहेम' म्हणजे भाकरही आणि सरसकट अन्नही. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. (अरबीत त्याच धातूचा 'लह्म' म्हणजे मांस. ज्याचं जे मुख्य खाणं, त्याला तो शब्द.) आपल्याकडे गावात दुपारी "भाकरी खाल्ली का?" विचारतात तेव्हा कोणी भाकऱ्या मोजत नसतं. जेवलास का, एवढंच.

ग्रीकमध्ये 'आर्तोस'. तोही सर्वसाधारण शब्द, खमीर असो वा नसो. अडचण मराठीची अशी की आपल्याकडे सर्वसाधारण शब्दच नाही. भाकरी, पोळी, पाव, रोटी, घावन, प्रत्येकाचं पीठ वेगळं, तवा वेगळा. यातला एक कुठला तरी उचलून त्याच्याकडून सगळ्यांचं काम करून घ्यायचं होतं.

पण एका जागी भाकर मुळापेक्षाही चपखल बसते. येशूने पाच हजारांना जेवू घातलं त्या गोष्टीत (योहान ६:९) पोराकडच्या पाच भाकरी जवाच्या आहेत. जव म्हणजे गरिबाचं धान्य. प्रकटीकरणात (६:६) भाव दिलाय: एका दिनाराला, म्हणजे दिवसभराच्या मजुरीला, एक माप गहू, आणि तेवढ्यातच तीन मापं जव. आता ते पोर ज्वारीच्या पाच भाकरी फडक्यात बांधून आलंय असं समजा. काही बिघडत नाही, उलट चित्र जास्त खरं होतं.

शिवाय मोडणं. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये 'भाकर मोडणे' हे मंडळीच्या रोजच्या रिवाजाचं नाव आहे. ब्रेड आपण कापतो, पोळीचा तुकडा तोडतो, भाकरी मात्र मोडतो.

ज्वारीबाजरी:

+१. गार झालेली बाजरीची भाकरी मोडताना जो कुडकुड आवाज होतो तो मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलाय. (परदेशात राहते, हसू नका.)

अवांतरवाला:

तो दा विंचीचा 'शेवटचा भोजनसमारंभ' बऱ्याच ख्रिस्ती घरांत जेवणाच्या टेबलावर टांगलेला असतो. त्यात टेबलभर गोल गोल फुगलेले पाव आहेत. वल्हांडणाचं जेवण होतं ना ते? मग इटालियन माणसाने खमीर घातलंच की!

आणि हो, द्राक्षारस म्हणजे वाइन की ज्यूस, हेही घ्या चर्चेला. काना गावच्या लग्नात...

ग्रीकप्रेमी:

कृपया त्यासाठी वेगळा धागा काढा. तो तीनशे प्रतिसादांचा होईल.

चित्राचं बरोबर आहे. पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे ते वल्हांडणाचं भोजन, म्हणजे भाकर बेखमीर. आणि हा वाद किरकोळ नाही. पश्चिमेकडचं चर्च बेखमीर वापरतं, पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स खमिराची, आणि १०५४ साली दोघांचं फाटलं तेव्हा भांडणाच्या मुद्द्यांत खमीर होतंच.

वसईची लेक:

आमच्या कॅथलिक मिस्सात पांढरी पातळ चकती असते, पापडासारखी, जिभेवर विरघळते. ती बेखमीर आणि फक्त गव्हाची लागते. नियमच आहे. ग्लूटेनचा त्रास असणाऱ्यांसाठी अगदी कमी ग्लूटेनची चालते, पण पूर्ण ग्लूटेनमुक्त नाही, असं रोमने २०१७ साली पुन्हा कळवलं होतं. म्हणजे तुमची ज्वारीची भाकरी शब्दात चालेल, वेदीवर चालायची नाही.

लालदेवळामागे:

धागा आत्ता वाचला. त्या चौथीतल्या मुलीला उत्तर द्यायला मला आवडेल. ते ज्यांचा सण त्यांच्याकडूनच घ्यायला हवं.

मी लाल देवळाच्या मागच्या गल्लीत वाढलो. बाहेरगावच्यांसाठी: हे देऊळ म्हणजे यहुदी लोकांचं सिनेगॉग, ओहेल डेव्हिड, १८६७ साली पूर्ण झालेलं. लाल विटांचं म्हणून पुणेकरांनी नाव ठेवलं, ते रिक्षावाल्यापर्यंत पक्कं झालं.

वल्हांडणाच्या बेखमीर भाकरीला ते मात्सा म्हणतात. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजून निघाली पाहिजे, नाहीतर खमीर धरलं असं मानतात. आणि मुद्दा हा की मात्सा गहू, जव अशा पाच ठरावीक धान्यांचीच होते. तांदूळ आणि भरड धान्यं बाद, कारण जुन्या धर्मपंडितांचं म्हणणं असं की ती भिजवून ठेवली तर नासतात, त्यांना खरं खमीर चढत नाही. आणि ज्याला खमीर चढूच शकत नाही, ते बेखमीर ठेवलं असं कसं म्हणणार?

म्हणजे बाळा, तुमच्या घरची भाकरी बेखमीर नाहीच. ती खमिराच्या भानगडीत कधी पडलेलीच नाही.

आणखी एक. वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली, बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांसाठी. तिच्यात चित्रं आहेत. मात्सा करणाऱ्या बायका लुगडं नेसून जमिनीवर बसल्या आहेत. धान्य गव्हाचं असलं तरी बसणं भाकरी थापणाऱ्या बाईचंच.

भट्टीवाला:

हे आमच्या धंद्याच्या हिशेबानेही बरोबर. ज्वारीत ग्लूटेन नाही. पीठ आंबतं, त्याची आंबील होते, पण फुगत नाही. कितीही यीस्ट घाला.

क्वार्टरगेट:

@लालदेवळामागे, शंभर नमस्कार. हे मला कुठल्या पुस्तकात सुचलं नसतं.

ग्रीकप्रेमींसाठी एक प्रश्न राहिला. 'रोजची' हा शब्द तरी सरळ आहे का?

ग्रीकप्रेमी:

तोच सगळ्यात वाकडा. मूळ शब्द 'एपिऊसिओस'. मत्तय ६:११ आणि लूक ११:३, या प्रार्थनेबाहेर तो जवळपास सापडतच नाही. तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती पंडित ओरिजेनलाही वाटत होतं की हा शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा. आजची, उद्याची, जगायला लागेल एवढी, असे अर्थ लावतात. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने लूकमध्ये 'रोजची' केलं आणि मत्तयमध्ये भलताच जड शब्द घातला. एकाच माणसाने, एकाच शब्दासाठी! मराठीने 'रोजची' घेतलं आणि सुटली.

क्वार्टरगेट:

सुटली नाही हो, अडकली, आणि बरं झालं. आमच्याकडे 'रोज' म्हणजे दिवसाची मजुरीसुद्धा. माझी आजी रोजाने खुरपायला जायची. संध्याकाळी रोज हातात पडला की वाटेत दळण, मग चूल. 'आमची रोजची भाकर' म्हणताना तिच्या मनात 'दररोजची' किती आणि 'रोजावरची' किती, हे मला आता कळतंय. तुमच्या प्रकटीकरणातल्या दिनाराचा भाव तिला न सांगता समजला असता.

७२ च्या दुष्काळात सरकारी दुकानात लाल मिलो यायची, अमेरिकेतून आलेली ज्वारी. भाकरी थापताना चिरायची, चव मातीसारखी. आजी प्रार्थनेत त्या ओळीपाशी थांबायची आणि डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायची, "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे, आणि मिलोची नको." आजोबा खाकरायचे. मग पुढची ओळ. घरात आम्ही अजून ती ओळ तशीच म्हणतो, मुलांना मिलो म्हणजे काय ते माहीत नसलं तरी.

ज्वारीबाजरी:

इथे डोळे भरले. आणि त्या मुलीला काय उत्तर दिलंत, ते लिहा.

क्वार्टरगेट:

रविवारपर्यंत थांबवलं नाही, तिच्या आईच्या फोनवर लालदेवळामागेंचं उत्तर जसंच्या तसं पाठवलं. तिचं म्हणणं, "म्हणजे मी बरोबर होते." बरं, बरोबर.

दुःखसहन सप्ताह चालू आहे. गुरुवारी संध्याकाळच्या प्रभुभोजनाला या वेळी खरी भाकरी ठेवून बघू का, असं मी पाळकसाहेबांना भीत भीत विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ठेवा, पण तुकडे कापू नका, मी समोरच मोडतो. भाकरी कोण करणार, तर त्याच मुलीच्या घरून. आत्ताच तिच्या आईचा मेसेज आलाय:

"सर ज्वारीची करू का बाजरीची? बाजरी मोडायला चांगली पण आता उन्हाळा आहे, म्हाताऱ्या माणसांना उष्ण पडेल. आणि पाळकसाहेबांना विचारा, मीठ घालायचं का."