शब्दचर्चा: 'रँच'ला मराठीत काय म्हणावं? आणि कुंपण तुटलं की तोडलं?

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या अफाट खाजगी जमिनीवर घडणारी, आजच्या काळातली कादंबरी मराठीत आणते आहे. प्रेमकथा आहे आणि रहस्यही. पहिल्याच ओळीत 'रँच' आलं आणि तिथेच अडले. फार्महाऊस लिहिलं तर आपल्याला शनिवार-रविवारचा बंगला दिसतो. मळा म्हटलं की विहीर, पाट, भाजीपाला. गोठा एका छपराखाली मावतो, आणि टेक्सासचा किंग रँच तर ८ लाख २५ हजार एकरांचा आहे! 'गायरान' कानाला फार आवडलं होतं. पण गायरान गावाचं असतं, आणि या गोष्टीतलं सगळं वैर जमीन कोणाची यावरूनच आहे. कोणाकडे नेमका शब्द आहे का?

प्रतिसाद, कोकणातून
आमच्याकडे चरून आलेली गुरं सावलीला बसतात ती जागा म्हणजे गोठण. मूळ गोस्थान. विचार करून बघा.

प्रतिसाद, विदर्भातून
आमच्याकडे त्याला आखर म्हणतात. सकाळी गावची गुरं आखरावर जमतात, तिथून गुराखी नेतो. मात्र आखरही सगळ्या गावाचा.

प्रतिसाद, साताऱ्याहून
तुम्ही निवेदनात रँचच ठेवा. पण पात्रं बोलतात तेव्हा? आमच्याकडे कोणी 'शेतावर गेलाय' म्हणत नाही, 'रानात गेलाय' म्हणतो. रान म्हणजे जंगल नव्हे, आपली कसायची जमीन. म्हातारा बाप मुलीला 'हे रान विकायचं नाही' म्हणाला, तर वाचकाला वेगळं काही समजवावं लागणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती
'रान' मिळालं, हे फार मोठं काम झालं. निवेदनात रँच आणि तोंडी रान, हे ठरलं. रँच हा इंग्रजीतही पाहुणाच आहे, स्पॅनिश 'रांचो'वरून आलेला. गुरं पकडायचा लासोही तिकडचाच, 'लाझो' म्हणजे फास. म्हणून लासो न लिहिता 'फासाचा दोर' लिहिते आहे.

आता खरी अडचण. तिसऱ्या प्रकरणात नायिका पहाटे घोड्यावरून कुंपण बघायला जाते. काटेरी तार खाली पडलेली आहे आणि चाळीस गाई पलीकडे गेल्या आहेत. इंग्रजी वाक्यात कुंपण नुसतं 'खाली' आहे. कोणी पाडलं की आपोआप पडलं, ते वाक्य सांगत नाही. मी सहज लिहून गेले, 'कुंपण तुटलं होतं, गुरं सुटली होती.' दुसऱ्या दिवशी वाचताना लक्षात आलं की मी वाचकाला चुकीच्या वाटेला लावलं. 'तोडलं होतं, सोडली होती' लिहावं, तर रहस्य तिथेच फुटतं. तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, फुटणे-फोडणे: आपल्या क्रियापदांत कर्ता हजर आहे की नाही हे आधीच ठरून जातं. चुलीवरचं दूध 'सांडलं' आणि 'सांडवलं' यावरून आपल्या घरांत भांडणं होतात ती उगाच नव्हेत. रहस्यकथेच्या अनुवादात शब्दापेक्षा हे जास्त जपावं लागतं, असं मला आता वाटतं.

शेवटी असं केलं: 'तार गवतात लोळत होती. पलीकडे चिखलात खुरांचे ठसे.' पुढे ती खाली उतरते आणि तारेचं टोक हातात घेते. सगळी तार गंजून तांबडी झालेली, टोक मात्र चकचकीत. एवढंच. क्रियापद कुठेच कोणाचं नाव घेत नाही.

प्रतिसाद, पुण्याहून
सुरेख. 'सस्पेन्स'च्या मुळाशी लॅटिनमध्ये 'टांगणे' आहे. आपला जीवही टांगणीलाच लागतो! आणि हरवलेल्या गाईंचा शोध असेल तर 'गवेषणा' आठवा. मूळ अर्थ गाई शोधणं, पुढे कोणताही शोध. 'गोष्ट'सुद्धा गोष्ठातून, म्हणजे गाईंच्या वाड्यातून आली. गोष्ठ, मग तिथे जमणारी गोष्ठी, मग बोलणं, मग गोष्ट.

'ब्रँड'ला काय केलंत? मोंटानात गुरांवरची खूण राज्याकडे नोंदवलेली असते, आणि चोर तीच बदलतात.

मूळ प्रश्नकर्ती
'डाग' लिहून खोडला. डाग देणं आपल्याकडे दुखण्यावरचा उपाय, आणि डाग लागणं म्हणजे बदनामी. मालकी दोन्हींत नाही. 'छाप' ठेवला. 'वासराच्या पुठ्ठ्यावर छाप नव्हता' हे वाक्य ओळखीचं वाटतं. अशा बिनछाप वासराला तिथे मॅव्हरिक म्हणतात, आपल्या गुरांवर खूण न करणाऱ्या टेक्सासच्या सॅम्युएल मॅव्हरिकच्या नावावरून. कादंबरीत नायकाला ती एकदा हेच म्हणते. तिथे 'बिनछाप' चालेल का, अजून ठरत नाही.

आणि हा नायक रँचचा फोरमन आहे. मुकादम म्हटलं की ऊसतोडीची टोळी दिसते. 'कारभारी' अगदी चपखल बसतो, पण खेड्यातली बाई नवऱ्यालाही कारभारी म्हणते. त्यांचं अजून एकमेकांना 'तुम्ही' चाललं आहे. 'तू' मी सोळाव्या प्रकरणात आणणार आहे, बर्फात गाय विताना दोघं रात्रभर जागतात तिथे. तोवर तिच्या तोंडी 'कारभारी' घालू की नको? ज्यांच्या घरात हा शब्द रोज वापरात आहे त्यांनी सांगावं.

प्रतिसाद, बीडहून
गडीमाणसांच्या तोंडी घाला, तिच्या नको. तिने एकदाच म्हणावं, सोळाव्यानंतर.