३० घोड्यांवरून अख्खी जात उभी राहते कशी? (लिथुआनियाचा झेमाइतुकास)

साजवाला_बडोदे

नमस्कार मंडळी. रावपुऱ्यात आमचं खोगीर-लगामाचं जुनं दुकान. हल्ली गिऱ्हाईक म्हणजे वरातीच्या घोड्या आणि मोजके हौशी काठियावाडी घोडेवाले.

भाची लिथुआनियात कौनासला डॉक्टरकी शिकते. तिथल्या झेमाइतुकास नावाच्या देशी घोड्यावर बसून आली आणि ‘मामा, याला तुझं खोगीर बसेल का?’ म्हणून फोटो पाठवले. मी आधी मापं मागवली. खांद्यापाशी उंची १३२ सेंटिमीटर, म्हणजे तेरा हँड (घोड्याच्या उंचीचं माप, एक हँड चार इंचांचा). पण पाठ रुंद, बरगड्या गोल, तंग (खोगिराचा पोटपट्टा) शेवटच्या भोकावर. काठियावाडीच्या मापाचा खोगिराचा सांगाडा याच्यावर ठेवला तर डुगडुगेल. रंग मातकट, आयाळीपासून शेपटीपर्यंत काळी रेघ. तशी रेघ आपल्या काठियावाडीतही निघते, म्हणून जीव अडकला.

जात लिथुआनियाच्या पश्चिमेकडच्या झेमाइतिया भागातली, शेकडो वर्षांची. ट्यूटॉनिक सरदारांशी (जर्मन धर्मयोद्ध्यांशी) लढताना लिथुआनियन स्वार याच बुटक्या घोड्यांवर असत. त्यांचा महाड्यूक व्हिताउतास याने काळ्या समुद्रात घोड्याला पाणी पाजलं अशी आख्यायिका आहे, आणि २०१० साली तिथल्या काही स्वारांनी झेमाइतुकासवरूनच बाल्टिकपासून काळ्या समुद्रापर्यंत मजल मारली. अटकेपारच्या गप्पा मारणाऱ्या आपल्यापैकी कोणी आपल्या भीमथडी घोड्यावर असं काही केलंय का? असो.

प्रश्न हा, की १९९४ च्या सुमारास हे घोडे जेमतेम ३० उरले होते. आज शेकडो आहेत. तीसांत सगळे एकमेकांचे चुलत-मावस असणार. मग पुढची पैदास खुरटी कशी निघाली नाही?

पशुवैद्य_आणंद

काका, ३० हा आकडा फसवा आहे. त्यात पैदाशीचे नर किती, ते आधी विचारा. समजा ५ नर आणि २५ घोड्या आहेत. चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले एकूण, असं सूत्र आहे. उत्तर येतं १६-१७. म्हणजे आनुवंशिक हिशेबात कळप तेवढाच. तेच १ नर आणि २९ घोड्या असतील तर उत्तर ४ सुद्धा येत नाही! म्हणून एकच देखणा घोडा सगळ्यांवर सोडायचा मोह आवरावा लागतो. प्रत्येक नराची वंशरेषा पुढे चालवायची, कानाने वाकडा असला तरी. वंशावळीची नोंदवही काटेकोर ठेवून जोड्या लांबच्या नात्यात लावायच्या. जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा दोष पूर्ण टळत नाही, त्याचा वेग कमी होतो.

आपल्याकडे हिसारच्या अश्व संशोधन केंद्राचं बिकानेरला ठाणं आहे. तिथे देशी घोड्यांचं वीर्य गोठवून ठेवतात, भ्रूण प्रत्यारोपणाने मारवाडी शिंगरूही झालंय. नर मेला तरी त्याची रेषा राहते.

नीरा_काठ

आमच्याकडे मेंढरांचे वाडे (मेंढपाळांचे हिंडते तळ) दरसाल जातात. घोडीच्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड: भांडी, तंबू, वर दोन कोकरं. भीमथडीला देशातली आठवी जात म्हणून नोंद मिळाली, आनंदच आहे. पण पोरं आता टेम्पो मागतात. सर्टिफिकेटला कोणी चंदी घालत नाही हो.

साजवाला_बडोदे

डॉक्टर, सूत्र वहीत उतरवून घेतलं. कानाचं मात्र आमच्या हौशी मंडळींना कसं पटवायचं? काठियावाडीचे कान टोकाला टोक भिडले नाहीत तर बाकी घोडा बघतच नाहीत.

नीराकाठवाले, तुमचं दुखणं तिकडचंही होतं. सोव्हिएत काळात सामुदायिक शेतीला थोराड घोडा हवा होता. झेमाइतुकासवर स्वीडनचे आर्देन (थोराड ओढीचे घोडे) घालणं त्याआधीच सुरू झालं होतं, त्यातून जड ओढीची वेगळी जातच बनली. मग ट्रॅक्टर आले आणि मूळ घोडा दोन्हीकडून गेला. आता तिथे दुर्मिळ जात पाळणाऱ्याला युरोपीय संघाच्या योजनेतून जनावरामागे पैसे मिळतात, अट अशी की ठरावीक वर्षं जनावर राखायचं. भाची गेली होती तिथे पोरांना रपेट शिकवायला हेच घोडे. बुटका असल्यामुळे पोरगं पडलं तरी फार लागत नाही.

माझं मत: योजना आपल्याकडेही यावी, पण पैसे वाड्यावरच्या बाईच्या हातात पडावेत. घोडीची चंदी-पाणी तीच बघते.

पशुवैद्य_आणंद

मान्य. पण पैसे द्यायला आधी नोंद हवी. कुठली घोडी, कोणाची, शिंगरू कोणत्या नराचं. वाडा हिंडता असतो, हे लिहिणार कोण?

नीरा_काठ

लिहायला पोरं आहेत की. मोबाइलवर दिवसभर बोटं चालतातच. फोटो काढून नर-मादीची नावं टाकायची. आमच्या घोड्यांना नावं असतात, माणसासारखी.

साजवाला_बडोदे

मग काम सुरू करू. तुमच्या दोन-तीन घोड्यांची मापं पाठवा: खांद्यापाशी उंची, तंगाचा घेर, पाठीची रुंदी. सुतळीने मोजून सुतळीच पाकिटात घाला, टेप नको, प्रत्येकाचा वेगळा निघतो. ओझ्याच्या खोगिराने पाठीला जखमा होतात का, तेही लिहा. होत असतील तर सांगाडा मी बदलून देतो, मजुरी नको.